सुईच्या टोकाशी

महाविद्यालयातल्या जुन्या सूक्ष्मदर्शकात डोळ्याकडच्या भिंगाच्या नळीत एक केसाएवढी बारीक काळी सुई बसवलेली असे. शिक्षकाने काचपट्टी सरकवत हवा तो भाग त्या सुईच्या टोकाशी आणायचा आणि बाजूला होऊन विद्यार्थ्याला सांगायचे, ‘टोकाशी बघ.’ नोकरीच्या एकतीस वर्षांत हे दोन शब्द मी किती वेळा उच्चारले असतील, याचा हिशेब नाही. पण त्यांतली एक वेळ दातात अडकलेल्या फणसाच्या तंतूसारखी राहून गेली आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा तो आठवडा होता. किण्वपेशी, म्हणजे यीस्टच्या पेशी, पाहायच्या तर दुकानातल्या कोरड्या यीस्टपेक्षा घरची माडी बरी, असे मी वर्गात सहज म्हणून गेले होते, आणि वाडीवरून चालत येणाऱ्या एका मुलीने ते मनावर घेऊन खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीत भरून माडी आणली होती. तिचे वडील माडावर चढत. बाटली उघडताच प्रयोगशाळेतल्या फॉर्मॅलिनच्या वासावर तो आंबूस, थोडा गोडसर वास असा पसरला की शिपायाने दारातूनच आज प्रात्यक्षिकाला मीही बसतो म्हणून सांगितले. एक थेंब काचपट्टीवर टाकला, वर आच्छादन-काच ठेवली. भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या पेशी दिसू लागल्या. काहींच्या अंगाला बारीक कळी फुटलेली होती. मुलगी बराच वेळ डोळा लावून बसली आणि मग तिने विचारले, ‘मॅडम, यातली तंतुकणिका कुठली?’

तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, हा पेशीला ऊर्जा पुरवणारा तिच्यातला भाग. मागे दहा-बाराजण रांगेत उभे होते आणि तास संपत आला होता. मी एका पेशीच्या पोटातला गोल, चमकणारा ठिपका सुईच्या टोकाशी आणला आणि म्हटले, ‘ही बघ.’ तिने पाहिले, पाटाएवढ्या मोठ्या वहीत आकृती काढली, नीट पट्टी लावून रेघ ओढली आणि रेघेच्या टोकाशी ‘तंतुकणिका’ असे लिहिले. तो ठिपका रिक्तिका, म्हणजे पेशीतली द्रवाने भरलेली पिशवी, होती. रंग न दिलेल्या किण्वपेशीतली तंतुकणिका आमच्या त्या सूक्ष्मदर्शकातून दिसणे शक्यच नव्हते, आणि हे मला त्या क्षणीही ठाऊक होते.

मी त्या पानावर सही केली.

आता निवृत्तीनंतर या गोष्टीचा विचार करते, तेव्हा लक्षात येते की ते एक खोटे मोठ्या खोट्याच्या पोटातले होते. मी फळ्यावर तंतुकणिका नेहमी काजूगरासारखी काढत आले. बाहेर दुहेरी आवरण, आत नागमोडी घड्या, बाजूला ‘पेशीचे ऊर्जाघर’ ही अक्षरे. अशा काजूगरांची मूठभर पेरणी पेशीत इकडेतिकडे केली की आकृती पूर्ण झाली. ही आकृती कुणी मनाने रचलेली नव्हती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशीचे अतिशय पातळ काप ठेवले की त्या कापांत तंतुकणिका खरोखरच लांबट गोल दिसतात. चूक कापात नव्हती, कापावरून अख्ख्या वस्तूचा अंदाज बांधण्यात होती. ज्याने पडवळ केवळ भाजीतल्या चकत्यांच्या रूपात पाहिले आहे, त्याला मांडवावरून लोंबणारे हातभर लांबीचे, टोकाला दगड बांधलेले पडवळ डोळ्यांपुढे कसे येणार? १९७३ साली किण्वपेशीचे एकामागून एक असे सलग काप घेऊन, ते पुन्हा एकावर एक रचून पाहिले गेले, तेव्हा निघालेला निष्कर्ष असा की पेशीत सुटे सुटे कण नसून एकच मोठी, फांद्या फुटलेली तंतुकणिका असू शकते. पुढे जिवंत पेशीतच हिरवी चकाकी देणारी प्रथिने वापरून पाहणे शक्य झाले आणि ती जाळी डोळ्यांना दिसू लागली. पेशीच्या आवरणाला आतून चिकटून पसरलेल्या नळ्यांची ही जाळी असते. तिच्या नळ्या सतत कुठे तरी तुटतात आणि कुठे तरी जुळतात. मी ज्या वर्षी नोकरीला लागले, त्याच्या कितीतरी आधीची ही सलग कापांची गोष्ट आहे. काजूगर मात्र मी निवृत्त होईपर्यंत काढत राहिले.

गंमत अशी की उत्तर शब्दातच होते. कार्ल बेंडा यांनी १८९८ साली ग्रीक भाषेतले धागा आणि दाणा या अर्थांचे दोन शब्द जोडून ‘मायटोकाँड्रिया’ हे नाव घडवले, कारण त्यांना पेशीत कधी धागे दिसत, तर कधी दाण्यांच्या माळा. आपल्याकडे ज्या कुणी ‘तंतुकणिका’ हा प्रतिशब्द केला, त्याने दोन्ही अर्धे भाग जसेच्या तसे राखले. हा शब्द मी हजारदा उच्चारला आणि त्यातल्या तंतूकडे एकदाही पाहिले नाही.

कोकणातल्या प्रयोगशाळेविषयी इथे थोडे सांगितलेच पाहिजे. पावसाचे चार महिने आमच्या सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांना बुरशी धरत असे. ज्या बुरशीवर आम्ही धडे द्यायचो, तीच भिंगाच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरायची आणि आम्ही तिच्यातूनच पाहायचो. कपाटात दिवा पेटता ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, तरी आश्विनात भिंगे पुसताना त्या जाळीचे पुसट ठसे सापडायचेच. त्यामुळे अंधूक दिसण्याची आम्हांला सवय झाली होती, आणि अंधूक दिसण्याची सवय झाली की ठामपणे बोलण्याचीही होते, असे मला माझ्याबाबतीत तरी वाटते.

दोन वर्षांपूर्वी त्याच मुलीचा निरोप आला. ती आता पुण्याला संशोधन करते. निरोपासोबत एक छायाचित्र होते: काळ्याभोर पार्श्वभूमीवर गोल पेशी आणि तिच्या आत हिरव्या, लकाकणाऱ्या नळ्यांचे जाळे. खाली लिहिले होते, ‘मॅडम, आमच्या यीस्टच्या तंतुकणिका.’ मी ते चित्र मोठे करून पाहिले, लहान करून पाहिले, आणि त्या रात्री मला वहीतले ते पान आठवले. त्यानंतर मी या विषयावर वाचू लागले. सुरुवात पश्चात्तापाने केली होती. पुढे मात्र निव्वळ आवडीने वाचत राहिले, हे कबूल करते.

ही जाळी टिकते ती एकमेकांविरुद्ध काम करणाऱ्या प्रथिनांच्या दोन टोळ्यांमुळे. एक जोडणारी, दुसरी कापणारी. जोडणाऱ्यांतले मुख्य प्रथिन एफझेडओ१. त्याचे नाव आले आहे चिलटासारख्या फळमाशीवरून. तिच्या शुक्रपेशी घडताना सगळ्या तंतुकणिका एकत्र येऊन एकमेकींत विलीन होतात, आणि त्या गोळ्याचा काप पाकळ्या-पाकळ्यांच्या कांद्यासारखा दिसतो. एक जनुक बिघडलेल्या माशांत हा कांदा नीट जमेना, त्याच्या कडा विसविशीत दिसू लागल्या. म्हणून त्या जनुकाला ‘विसविशीत कांदे’ अशा अर्थाचे ‘फझी अनियन्स’ हे इंग्रजी नाव पडले. हे १९९७ सालचे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यांच्या वेण्या ज्यांच्या माळ्यावर टांगलेल्या आहेत, अशा प्रदेशात बसून हे वाचताना मला उगाच आपलेपणा वाटला. पुढच्याच वर्षी त्याच जनुकाचे किण्वातले भावंड अभ्यासले गेले. दोन नळ्या जवळ आल्या की दोघींच्या बाह्य आवरणांवरचे एफझेडओ१ परस्परांना धरते आणि आवरणे जोडली जातात. पण तंतुकणिकेला आवरणे दोन; आतले आवरण जोडण्याचे काम एमजीएम१ करते, आणि बाहेरच्या नि आतल्या प्रथिनांना जोडून ठेवणारे तिसरे प्रथिन म्हणजे उगो१. त्याचे नाव जपानी भाषेतल्या ‘जुळणे’ या अर्थाच्या शब्दावरून ठेवलेले आहे. या तिघांत मला एमजीएम१ विशेष वाटते. पेशीत ते लांब आणि आखूड अशा दोन रूपांत असते. आखूड रूप हे लांब रूपाला एका जागी छाटून तयार होते, आणि आवरण जोडायला दोन्ही रूपे लागतात. सगळे लांब राहिले तरी काम होत नाही आणि सगळे छाटले तरी होत नाही. जोडणाऱ्याचेच अर्धे अंग कापलेले असावे लागते.

कापणाऱ्यांचा म्होरक्या डीएनएम१. हे प्रथिन एरवी पेशीद्रवात मोकळे फिरते. नळीच्या बाह्य आवरणात एफआयएस१ नावाचे खुंटीसारखे प्रथिन रोवलेले असते, एमडीव्ही१ हा मधला दुवा त्या खुंटीला धरतो, आणि त्याच्या आधाराने डीएनएम१चे रेणू एकामागून एक येऊन नळीभोवती मळसूत्रासारखा वेढा घालतात. वेढा आवळत जातो आणि नळी तुटते. यात एक अडचण होती. हा वेढा नळीच्या मानाने फार अरुंद आहे. नळीचा घेर आधीच कमी झालेला नसेल तर तो तिच्याभोवती बसणार कसा? २०११ साली दिसून आले की ज्या जागी नळी तुटायची असते, तिथे पेशीतली आंतर्द्रव्यजालिका, म्हणजे पेशीभर पसरलेले आवरणांचे दुसरे जाळे, आधीच येऊन नळीला मिठी घालते आणि तिला चिमटते. कापणारा मागाहून येतो. आपल्याकडे भाऊबंदकीच्या खटल्यात वकील येण्याआधीच वाटणीची रेघ कुणी तरी घरातल्यानेच आखलेली असते, त्यातला हा प्रकार.

मग एकेक प्रथिन काढून टाकले तर काय होते? एफझेडओ१ काढले तर जोडणे थांबते, कापणे चालू राहते आणि जाळीचे तुकडे तुकडे होतात. त्या तुकड्यांतून तंतुकणिकांचा स्वतःचा डीएनएही हरवत जातो, आणि पेशी श्वसन करू शकत नाही. अशा किण्वाला ग्लुकोज दिले तर ते आंबवून कसेबसे जगते, पण त्याच्या वसाहती खुरट्या राहतात. ग्लिसरॉल आंबवता येत नाही, त्यावर जगायला श्वसनच लागते; म्हणून ग्लिसरॉलवर ठेवले तर ते वाढतच नाही. अशा खुरट्या वसाहतींना बोरिस एफ्रुसी यांनी १९४९ साली पॅरिसमध्ये ‘पतीत’, म्हणजे छोटी, असे नाव दिले होते. फ्रेंच भाषेतला तो गोंडस शब्द मराठी कानाला मात्र भलताच ऐकू येतो. डीएनएम१ काढले तर उलटे घडते. कापणे थांबते, जोडणे चालू राहते, आणि पेशीभर पसरलेली जाळी गोळा होऊन एका बाजूला कोसळते, तरी पेशीचे त्यावाचून फारसे अडत नाही.

आणि दोन्ही काढले तर?

१९९९ साली अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी हे करून पाहिले. ना जोडणारा, ना कापणारा, अशा पेशीत तंतुकणिकांची जाळी जवळजवळ नेहमीसारखीच दिसली. डीएनए टिकला. ग्लिसरॉलवर पेशी वाढल्या. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून पडवीत येऊन बसले, कारण मला ते पटेना, किंवा पटूनही आवडेना. एवढी दोन टोळ्यांची रात्रंदिवस झटापट, आणि दोन्ही टोळ्या हाकलून दिल्या तरी घर जसेच्या तसे? मग ही झटापट कशासाठी?

आमच्या घरामागे रापणकरांची वस्ती आहे. तिथले एक म्हातारे गृहस्थ दुपारी खळ्यात बसून जाळे दुरुस्त करतात. पायाच्या अंगठ्यात जाळे ताणून धरायचे, डाव्या हाताने फाटके घर उलगडायचे आणि उजव्या हातातल्या चपट्या लाकडी सुईने दोरा घालून गाठ मारायची. त्या दिवसांत मी त्यांच्याकडे बराच वेळ बघत बसायचे. एक गोष्ट मला तोवर ठाऊक नव्हती: ते आधी चाकूने भोक मोठे करतात. फाटलेल्या कडेची लोंबणारी, कुजकी घरे छाटून चांगली गाठ सापडेपर्यंत मागे जातात आणि मगच विणायला घेतात. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘आधी कापूक व्हयां, बाय, मगे जोडूक. कुसक्यार गाठ मारलंस तर उद्या परत फाटतलां.’ त्यांना त्यात सांगण्यासारखे काही वाटले नव्हते. ते लगेच नायलॉनच्या भावाकडे वळले. मला मात्र उत्तर सापडल्यासारखे झाले, कारण वाचलेल्या मजकुरात हेच होते. तंतुकणिकेचा बिघडलेला भाग बाजूला पडावा आणि चांगले भाग एकमेकांत मिसळून एकमेकांची उणीव भरून काढावी, यासाठी कापणे आणि जोडणे दोन्ही लागते, असे या विषयातले लोक मानतात.

तरीही ही उपमा पुरती जुळत नाही, हे मला कळते. जाळे शिवणारा माणूस जाळ्याबाहेर बसलेला असतो. पेशीत बाहेर कुणीच बसलेले नाही. तिथे चाकूच नळीवर गोळा होऊन चाकू बनतो आणि काम झाले की विखुरतो.

उपमेपेक्षा मला जास्त उपयोगी पडले ते किनाऱ्यावरच्या एका नव्या निवासातले जाळे. पर्यटकांना दर्याचा भास व्हावा म्हणून मालकाने जेवणघराच्या भिंतीवर एक अख्खे जाळे ताणून बसवले आहे, त्यात प्लॅस्टिकचे मासे अडकवले आहेत. हे जाळे फाटत नाही, म्हणून शिवावे लागत नाही. लांबून पाहिले तर ते खळ्यातल्या जाळ्यापेक्षा अधिक नीटनेटके आहे. दोन्ही प्रथिने काढलेल्या पेशीची जाळी अशी असेल का, असे मला वाटून गेले. पण तसे म्हणणेही त्या पेशीवर अन्याय आहे, कारण ती जगते, वाढते, श्वास घेते. तिची उणीव कळते ती लग्नात. किण्वाच्या दोन विरुद्ध जातींच्या पेशी एकत्र येऊन एक होतात, तेव्हा नेहमीच्या पेशींत दोन्ही बाजूंच्या तंतुकणिका थोड्याच वेळात जुळतात आणि त्यांचा ऐवज एकमेकांत मिसळतो. जोडणारे प्रथिन नसलेल्या पेशींचे लग्न लागते, पेशी एक होते, पण आत दोन जाळ्या शेजारी शेजारी पडून राहतात. घर एक आणि चुली दोन. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. माझ्या आजोळच्या घरी हा प्रकार मी पंधरा वर्षे पाहिला आहे. एकाच माजघरात दोन चुलत्यांच्या दोन चुली पेटायच्या आणि मधून मुले तेवढी ये-जा करायची.

आकाराविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. काही किण्वांत एमएमएम१ हे प्रथिन बिघडले की नळ्या नळ्या राहत नाहीत, फुगून मोठे गोळे होतात. १९९४ साली हे आढळले, तेव्हा असे वाटले होते की हे प्रथिन तंतुकणिकेच्या बाह्य आवरणात बसून नळीला बाहेरच्या एखाद्या सांगाड्याशी बांधून ठेवत असावे. पंधरा वर्षांनी, २००९ साली, उलगडा झाला तो वेगळाच. एमएमएम१ मुळी तंतुकणिकेत नसतेच. ते शेजारच्या आंतर्द्रव्यजालिकेत बसलेले असते आणि आणखी तीन प्रथिनांच्या साहाय्याने तंतुकणिकेला चिमट्यासारखे बांधून ठेवते. तो चिमटा सुटला की नळीचा गोळा होतो. म्हणजे जिचा आकार बिघडला ती एक, आणि बिघाड दुसरीच्या घरात.

आणि हा आकार प्रत्येक कळीला पोहोचवावा लागतो. तंतुकणिका पेशीला नव्याने घडवता येत नाही. दह्याला जसे विरजण लागते, तशी ती आधीच्या तंतुकणिकेपासूनच होते. खुरट्या ‘पतीत’ पेशींचा तंतुकणिकेतला डीएनए गेलेला असतो, पण रिकामी का होईना तंतुकणिका त्यांच्यातही असतेच, कारण लोह आणि गंधकाचे काही अत्यावश्यक जोड तिथेच बांधले जातात. म्हणून आईच्या अंगाला कळी फुटली की एक प्रथिन-मोटार तंतुकणिकेचा एक पदर धाग्यांवरून कळीकडे ओढत नेते, आणि त्याच वेळी एनयूएम१ नावाचे प्रथिन दुसरा पदर आईच्या कडेला घट्ट धरून ठेवते, की सगळेच लेकीकडे जाऊ नये. माडीच्या त्या थेंबात अशा किती कळ्या होत्या! त्या साखरेच्या पाण्यात किण्वाला श्वसनाची फारशी गरजही नव्हती, तरी हे विरजण पोहोचवणे चालूच असणार, आणि मी सुई रिक्तिकेवर ठेवून उभी होते.

गेल्या गणपतीत ती मुलगी घरी आली. मोदक खाऊन झाल्यावर मी एकदाचे सांगून टाकले की त्या दिवशी टोकाशी होती ती रिक्तिका होती, तंतुकणिका नव्हती, आणि ते मला माहीत होते. ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. तिला ते काहीच आठवत नव्हते. तिला आठवत होते ते एवढेच की उरलेल्या माडीच्या बाटलीला मी घट्ट बूच लावून ती कपाटात ठेवली, दुपारी बूच उडून वरच्या फळीवर आपटले आणि नंतर आठवडाभर सगळ्यांच्या वह्यांना माडीचा वास येत होता. ‘तुम्ही प्राचार्यांना सांगितलंत, झुरळांचं औषध मारलंय म्हणून,’ ती म्हणाली आणि हसत सुटली. म्हणजे त्या दिवशी मी दोनदा खोटे बोलले होते, आणि दुसरे मीच विसरून गेले होते. मला हायसे वाटले, आणि थोडे वाईटही वाटले. इतकी वर्षे जपून ठेवलेला अपराध समोरच्याच्या खिजगणतीतही नव्हता.

मग तिने मोबाईल काढून प्रयोगशाळेतली एक चित्रफीत लावली. हिरव्या नळ्या अंधारात वळवळत होत्या, जुळत होत्या, सुटत होत्या. एका नळीवर तिने बोट टेकवले आणि सवयीने थोडी बाजूला सरकून म्हणाली, ‘मॅडम, इथे बघा हं, आता तुटेल.’ मी चष्मा वर करून वाकले. तिने बोट ठेवले होते त्याच्या जराशी अलीकडेच ती नळी तुटली.